मेक्सिकोच्या आखातात काहीतरी शिजतंय: हरिकेन सीझनमध्ये सिस्टिमचा माग नीट कसा काढायचा

ऑगस्ट उलटला की आमच्या फ्लोरिडातल्या टँपाच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी हमखास एक चित्र टाकतं. ताटात शेवया सांडल्यासारख्या वादळाच्या संभाव्य वाटांच्या रंगीत रेघा, त्यातली एक बरोब्बर आपल्या घरावरून गेलेली, आणि खाली हात जोडलेले दोन इमोजी. चित्र हवामानाच्या कुठल्या कॉम्प्युटर मॉडेलचं, किती वाजताचं, कुणाला पत्ता नसतो. मग दोन दिवस पाण्याच्या बाटल्यांसाठी पळापळ, तिसऱ्या दिवशी "अरे ते तर वळलं", आणि पुढच्या खेपेला खरोखरचं येतं तेव्हा तेच लोक "वळेल की" म्हणून सोफ्यावर बसून राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण हे सगळं उलट्या क्रमाने बघतो. मॉडेल आधी, मग कोन (केंद्र कुठून जाईल त्या अंदाजाचा पट्टा), आणि आपलं घर कुठल्या झोनमध्ये आहे ते वादळ दारात आल्यावर. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. मी टँपा बेच्या बाजूला राहतो म्हणून उदाहरणं इथली आहेत, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, मायामीवाल्यांनी काउंटी आणि घड्याळ बदलून वाचा.

१. आधी आपला पत्ता, वादळ नंतर

हे मे महिन्यात करायचं. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास सगळ्यात जोरात, पण वादळ नकाशावर असताना काउंटीची साइट उघडायला गेलात तर ती गोगलगायीसारखी चालते, तेव्हा आधीच करून ठेवा. एक कागद घ्या, तीन गोष्टी लिहा, फ्रिजवर चिकटवा.

पहिली गोष्ट, इव्हॅक्युएशन झोन. आमच्या हिल्सबरो काउंटीत ए ते ई आहेत, ए सगळ्यात आधी निघतो. इथे होणारी चूक मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी बघतो: लोक घराच्या कर्जाच्या कागदावरचा फ्लड झोन बघून मोकळे होतात. तो इन्शुरन्सचा नकाशा, त्यात एई, एक्स अशी वेगळीच अक्षरं असतात. एक मित्र "आमचा झोन एक्स आहे, आम्हाला काही होत नाही" असं चार वर्षं सांगत होता, काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून बघितला तर इव्हॅक्युएशन झोन बी. दोन नकाशे वेगळे, दोन्हींची कामं वेगळी. घर सोडायचं की नाही ते इव्हॅक्युएशन झोनवरून ठरतं.

दुसरी, घर लाकडाचं की ब्लॉकचं, की मोबाइल होम (आणून ठेवलेलं हलकं तयार घर). मोबाइल होमवाल्यांना झोन कुठलाही असो, निघायचंच असतं. खिडक्यांना शटर आहेत का, गॅरेजचं दार वाऱ्यासाठी मजबूत केलेलं आहे का, तेही लिहा.

तिसरी, आणि हीच कुणी लिहीत नाही: तुमच्या घराला निघायला किती तास लागतात. शटर लावणं, बाहेरच्या कुंड्या-खुर्च्या आत घेणं, गाडी भरणं, औषधं, पासपोर्ट, ग्रीन कार्डाचे कागद. आमच्याकडे सासूबाई भारतातून आलेल्या असल्या की मी चार तास वाढवतो, कारण देव्हाऱ्यातला प्रत्येक देव वेगळ्या फडक्यात गुंडाळला जातो आणि तिथे घाई चालत नाही. आमचा आकडा १४ तास आहे. तुमचा खरा आकडा काढा, मनातला नको.

*तपासा: कागदावर झोनचं अक्षर, घराचा प्रकार आणि तासांचा आकडा आहे का? तिन्ही नसतील तर पुढे वाचून उपयोग नाही.*

२. घड्याळ लावा, दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करू नका

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर, म्हणजे एनएचसी, ठरलेल्या वेळीच बोलतं. काहीच तयार झालेलं नसतं तेव्हा आउटलुक, म्हणजे पुढे कुठे काही तयार होईल का त्याचा अंदाज, तो ईस्टर्न टाइमने रात्री २, सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ वाजता येतो. एखादी सिस्टिम, म्हणजे झालेलं किंवा होऊ घातलेलं वादळ, हातात घेतली की ॲडव्हायझरी, म्हणजे त्याचं अधिकृत पत्रक, ती पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११ ला. किनाऱ्यावर वॉच किंवा वॉर्निंग (हे इशारे, टप्पा ४ मध्ये बघू) लागली की मधल्या २ आणि ८ लाही छोटी ॲडव्हायझरी येते, पण तिच्यात ट्रॅकचा, म्हणजे वाटेचा, नवा अंदाज सहसा नसतो, वादळ आत्ता कुठे आणि किती जोरात एवढंच. ह्यूस्टनवाल्यांनी सगळ्यातून एक तास वजा करायचा.

भारतात आई-बाबा टीव्हीसमोर बसून जीव काढत असतात, त्यांनाही वेळ देऊन टाका. आपली सकाळची ११ ची ॲडव्हायझरी म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेआठ, आणि आपली रात्रीची ११ ची म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ. "साडेआठला मेसेज टाकतो, मधे फोन करू नका" असं सांगितल्यापासून आमच्या घरातलं अर्धं टेन्शन कमी झालं.

आता यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ, मॉडेलवर ज्या आकड्यापुढे झेड लिहिलेलं असतं ती. उन्हाळ्यात ईस्टर्नसाठी ४ तास वजा, सेंट्रलसाठी ५. सगळे आपटतात ते तारखेवर: ८ तारखेचं ००झेड म्हणजे आपल्याकडे ७ तारखेची रात्री ८ ची वेळ. या एका घोळापायी ग्रुपवर लोकांनी वादळ एक दिवस उशिरा आणलेलं मी बघितलंय.

*सावधान: कुठलंही चित्र बघताना आधी कोपऱ्यातली वेळ वाचा, मग चित्र. वेळ कापलेली असेल तर ते चित्र फॉरवर्ड करायचं नाही, मग ते काकांनी पाठवलेलं का असेना.*

३. आउटलुक: पिवळं, नारिंगी, लाल

आउटलुकच्या नकाशावर पुढच्या सात दिवसांचा अंदाज असतो. ४० टक्क्यांखाली पिवळं, ४० ते ६० नारिंगी, ६० च्या वर लाल. हे टक्के म्हणजे तिथे डिप्रेशन (वादळाची सगळ्यात खालची पायरी) तरी तयार होण्याची शक्यता, तुमच्या गावावर येण्याची नाही. रंगवलेला भाग म्हणजे ते कुठे तयार होऊ शकतं तो पट्टा, त्यामुळे पट्टा फ्लोरिडाच्या अलीकडे संपला म्हणून हुश्श करू नका आणि फ्लोरिडावर टेकला म्हणून बोंबही मारू नका. एक्सची फुली असेल तर तिथे आत्ता काहीतरी खरंच आहे. फुली नाही, नुसता पट्टा, म्हणजे अजून काही जन्मालाच आलेलं नाही.

त्याच वेळी "इन्व्हेस्ट ९५एल" असली नावं कानावर येतात. हा नुसता फायलीचा नंबर आहे. ९० पासून ९९ पर्यंत जातात आणि परत ९० पासून सुरू, त्यामुळे मागच्या महिन्यातला ९५एल आणि आताचा वेगळा. नंबर मोठा म्हणून वादळ मोठं असं काही नाही, हे मला दोन शिकलेल्या लोकांना समजवावं लागलंय.

महिन्याप्रमाणे नजर कुठे ठेवायची ते बदलतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आफ्रिकेवरून लाटा निघतात, त्यांना इकडे पोचायला आठवडा नाहीतर जास्तच लागतो, भरपूर वेळ असतो आणि बऱ्याचशा वाटेतच सहाराच्या कोरड्या धुळीत नाहीतर वरच्या वाऱ्यात मरतात. खरा दगा पश्चिम कॅरिबियन आणि आखातातला, सीझनच्या सुरुवातीला आणि मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कारण ते घराच्या अंगणातच उगवतं. २०२४ चं हेलीन बघा: पहिली ॲडव्हायझरी २३ सप्टेंबरला, आणि २६ च्या रात्री फ्लोरिडाच्या बिग बेंडला धडक. मिल्टन ५ ऑक्टोबरच्या शनिवारी तयार झालं आणि बुधवारी ९ च्या रात्री टँपाच्या दक्षिणेला सिएस्टा की नावाच्या बेटाला लागलं. नाव पडेपर्यंत थांबू म्हणणाऱ्याचे यातले किती दिवस जातात ते मोजा. २०१७ पासून एनएचसी वादळ तयार व्हायच्या आधीच "पोटेन्शियल ट्रॉपिकल सायक्लोन" म्हणून ॲडव्हायझरी सुरू करू शकतं, हेलीनची पहिली ॲडव्हायझरी तशीच होती, नाव दुसऱ्या दिवशी पडलं.

माझा घरचा नियम: पिवळं, काही करायचं नाही. आखातात किंवा पश्चिम कॅरिबियनमध्ये नारिंगी, की गाडीची टाकी भरून ठेवायची आणि औषधांचं रिफिल उचलायचं. तिथेच लाल, की पुढचा टप्पा चालू.

४. पहिली ॲडव्हायझरी आली, आता काय आधी वाचायचं

बहुतेक जण थेट नकाशा उघडतात. तो शेवटी. आधी "की मेसेजेस" (मुख्य मुद्दे) वाचा, चार-पाच मुद्दे असतात, साध्या भाषेत. मग वॉच-वॉर्निंगची यादी. मग फोरकास्ट डिस्कशन.

वॉच म्हणजे साधारण ४८ तासांत तुमच्याकडे वादळी वारे सुरू होऊ शकतात, वॉर्निंग म्हणजे ३६ तासांत सुरू होतील असा अंदाज. तास कुठपर्यंतचे ते नीट लक्षात घ्या: ताशी ३९ मैलांचे वारे सुरू होईपर्यंतचे. डोळा, म्हणजे वादळाचं मधलं शांत केंद्र, येईपर्यंतचे नाहीत! ३९ मैलांच्या वाऱ्यात शिडीवर चढून प्लायवूड लावता येत नाही, म्हणजे बाहेरची सगळी कामं त्याआधी उरकलेली हवीत.

डिस्कशन वाचायचा लोकांना कंटाळा येतो, मला मात्र सगळ्यात जास्त तेच कामाचं वाटतं, कारण तिथे अंदाज करणारा माणूस स्वतःच्या शंका लिहितो. मॉडेल कुठे फाटतायत, केंद्र नक्की सापडलंय का, जोर का वाढेल, का नाही वाढणार. खाली सहीसारखं नाव असतं. त्यात "नेहमीपेक्षा जास्त अनिश्चितता" या अर्थाचं वाक्य दिसलं की मी कागदावर लाल पेनाने तारीख घालतो. तळाशी १२, २४, ३६ तासांचं कोष्टक असतं, वारा नॉटमध्ये आणि मैलांमध्ये. नॉटला १.१५ ने गुणलं की मैल.

कॅटेगरीबद्दल, म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून लावलेल्या १ ते ५ या पायऱ्यांबद्दल, दोन शब्द. ७४ मैलांपासून कॅटेगरी १ लागते, १११ पासून ३, १५७ पासून ५. "फक्त वन आहे रे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! जुलै २०२४ मध्ये बेरिल टेक्सासच्या माटागोर्डाजवळ लागलं तेव्हा कॅटेगरी १ होतं, आणि ह्यूस्टनच्या पट्ट्यात वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली, कित्येकांकडे आठवडाभर आली नाही, जुलैच्या उकाड्यात. कोकणातल्यांना सांगायची सोपी खूण म्हणजे जून २०२० चं निसर्ग. ताशी ११० किलोमीटरच्या आसपासचे वारे होते, म्हणजे या मापात सत्तरेक मैल, कॅटेगरी १ च्या उंबरठ्यावरचं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारी-नारळाच्या बागांचं काय झालं ते तिथल्या कुणालाही विचारा. (आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी घेतं, इथे एका मिनिटाची, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळवत बसू नका.)

५. कोन: सगळ्यात जास्त बघितलेलं आणि सगळ्यात कमी कळलेलं चित्र

इथे जरा थांबू, कारण बहुतेक गैरसमज इथलेच आहेत.

कोन म्हणजे वादळाचं केंद्र कुठून जाईल त्याचा अंदाज. मागच्या पाच वर्षांत एनएचसीचे अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते, अशी की तीनातल्या दोन वेळा केंद्र आत राहावं. म्हणजे तिसऱ्या वेळी ते बाहेर जातं, आणि यात कुणाची चूक नसते, तो हिशोबच तसा आहे. शिवाय ही रुंदी सीझनभर एकच. सरळ नाकासमोर चाललेलं वादळ आणि कुठे वळेल ते देवालाही माहीत नाही असं वादळ, दोघांना मापाने एकच झबलं.

कोन वादळाचा आकार सांगत नाही. हेलीनचं केंद्र टँपापासून शंभरपेक्षा जास्त मैल लांब, पार समुद्रातून गेलं. ग्रुपवर त्या दिवशी दुपारपर्यंत "आपण कोनाबाहेर आहोत" चालू होतं, पितृपक्षाच्या वड्या-खिरीचे फोटो चालू होते. रात्री टँपा बेच्या काठाला सहा फुटांच्या वर पाणी चढलं. खाडीजवळ राहणाऱ्या आमच्या मित्राने गॅरेजचा व्हिडिओ पाठवला, पाण्यावर मुलाची सायकल, थर्माकोलचं गणपतीचं मखर आणि तांदळाची गोण तरंगत होती. त्याच्या अंगणात त्या वेळी झाडं उन्मळण्याइतका वारासुद्धा नव्हता.

आणि कोनाची मधली रेघ. ती बघूच नका. एनएचसीच्या साइटवर रेघेशिवायचं चित्र पण मिळतं, तेच बुकमार्क करा. २०२२ च्या इयनला आम्ही टँपावाले त्या रेघेखाली दोन-तीन दिवस बसलो होतो, आणि खाली फोर्ट मायर्सकडचे लोक आपण कोनाच्या कडेला आहोत म्हणून थोडे निवांत. २८ सप्टेंबरला ते कायो कोस्टावर लागलं, कॅटेगरी ४, वारे १५० मैलांचे, फोर्ट मायर्स बीच धुऊन नेलं. २००४ चं चार्ली पण असंच टँपाच्या दिशेने येता येता उजवीकडे वळून तिकडेच घुसलं होतं.

असं का होतं ते स्वयंपाकघरात बसून कळतं. ओट्याच्या कडेला एक फूटपट्टी जवळपास समांतर धरा, पुढचं टोक किंचित कडेकडे झुकवा आणि ते कडेला कुठे टेकतं ते बघा. आता मागचं टोक बोटभर हलवा. टेकायची जागा वीतभर सरकते. आखातातून वर येणारं वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला असंच तिरकं लागतं, त्यामुळे ट्रॅकमधली लहानशी चूक किनाऱ्यावर शंभर मैलांची होते. तेच वादळ किनाऱ्याला काटकोनात येत असतं तर इतका फरक पडला नसता.

मग कोन वापरायचा कसा? दर ॲडव्हायझरीला त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि एकापुढे एक बघा. एकदा इकडे, एकदा तिकडे सरकला तर ठीक. सलग तीनदा एकाच बाजूला सरकला तर तो अजून त्या बाजूला सरकू शकतो असं धरून चाला.

*तपासा: "मी कोनात आहे का" हा प्रश्न वहीतून खोडा. त्याजागी दोन लिहा: माझ्याकडे वारे कधी सुरू होतात, आणि माझ्या किनाऱ्याला पाणी किती सांगितलंय. उत्तरं टप्पा ८ मध्ये.*

६. सॅटेलाइट, थोडक्यात

रात्री इन्फ्रारेडवर लालभडक गोळा दिसला की लोक घाबरतात. तो रंग ढगाचा माथा किती थंड, म्हणजे किती उंच, ते सांगतो, वादळाचा जोर नाही. सकाळी उजाडलं की व्हिजिबल चित्र लावा आणि खालच्या ढगांची भिंगरी शोधा. गडगडाटी ढग एका बाजूला आणि भिंगरी उघडी-वाघडी दुसऱ्या बाजूला दिसली म्हणजे वरचे वारे त्याला कापतायत, सध्या वाढणार नाही. भिंगरी ढगांच्या खाली गेली, आणि खाली पाणी गरम असेल, तर पुढचे १२ तास लक्ष ठेवा. कोवळ्या सिस्टिमचं केंद्र कधीकधी पन्नास-शंभर मैल बाजूला नव्याने तयार होतं आणि मग आधीचे सगळे ट्रॅक रद्दी.

२४ तासांत वारे ३५ मैलांनी किंवा जास्त वाढले तर त्याला रॅपिड इन्टेन्सिफिकेशन म्हणतात. मिल्टन शनिवारी जन्मलं आणि सोमवारी ७ तारखेला १८० मैलांवर होतं. रविवारी झोपताना बघितलेली कॅटेगरी सोमवारी दुपारी वापरू नका.

हरिकेन हंटरची विमानं गेली का तेही बघा. हवाई दलाची मिसिसिपीतल्या बिलक्सीहून निघतात, नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेची आमच्या शेजारच्या लेकलँडहून. विमान आतून मोजून आलं की त्यानंतरच्या अंदाजांना वजन येतं, त्याआधीचं बरंचसं चित्रांवरून लावलेलं अनुमान असतं.

७. मॉडेल, आत्ता कुठे

इथपर्यंत आला असाल तर आता शेवया बघायला हरकत नाही. अमेरिकन जीएफएस दिवसातून चारदा चालतं, आणि युरोपियनचे मुख्य रन ००झेड आणि १२झेडचे. दोन्हींचे एन्सेम्बल असतात, म्हणजे सुरुवातीच्या नोंदीत थोडे थोडे फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं, जीएफएसचे ३१, युरोपियनचे ५१. एका रेघेपेक्षा हा झुबका बघा. झुबका घट्ट असेल तर अंदाजात दम आहे, झाडूसारखा पसरला असेल तर अजून कुणालाच माहीत नाही.

चुका पटापट सांगतो. दहा दिवसांपुढचं जीएफएसचं अक्राळविक्राळ वादळ फॉरवर्ड करणं, सीझनमध्ये अशी डझनभर वादळं येतात आणि पुढच्या रनला गायब होतात. सकाळच्या अमेरिकनची रात्रीच्या युरोपियनशी तुलना करून "ट्रॅक सरकला" म्हणणं, तुलना त्याच मॉडेलच्या मागच्या रनशी करायची. आणि शेवयांमधली एक्सटीआरपी नावाची रेघ, ती मॉडेलच नाही हो! वादळ आत्ता ज्या दिशेला चाललंय तीच रेघ पट्टीने पुढे ओढलेली असते, आणि नेमकी तीच कुणाच्या तरी घरावरून जाते. हल्ली एआय मॉडेलं पण आलीयत, गूगल डीपमाइंडचं एनएचसीचे लोकही बघतात, पण तुमच्यासाठी नियम तोच.

नियम असा की मॉडेल आणि एनएचसी वेगळं बोलत असतील तर एनएचसीचं धरायचं. तुम्ही फोनवर जे बघताय ते त्यांनी आधी बघितलंय, शिवाय तुमच्याकडे नसलेलं पण.

८. वारा कधी, पाणी किती: इथे निर्णय होतो

एनएचसीच्या पानावर "ॲरायव्हल टाइम ऑफ ट्रॉपिकल स्टॉर्म फोर्स विंड्स" असं लांबलचक नाव असलेला नकाशा असतो. दोन प्रकार: मोस्ट लाइकली आणि अर्लिएस्ट रीझनेबल. तयारीसाठी दुसरा घ्यायचा. त्यावरच्या वेळेच्याही आधी वारे सुरू व्हायची शक्यता दहात एक असते, म्हणजे धोका न पत्करणाऱ्यासाठी तो बरोबर आहे.

आता फ्रिजवरचा कागद काढा आणि उलटं मोजा. समजा अर्लिएस्ट म्हणतोय बुधवारी सकाळी ८. तुमच्या घराला १४ तास लागतात आणि रस्त्याला ८ धरले. २२ तास मागे जा: मंगळवारी सकाळी १०. मंगळवारी १० ला काम सुरू झालेलं पाहिजे. बहुतेक लोक याच वेळेला विचार करायला बसतात. मिल्टनच्या आधी आय-७५ हायवे उत्तरेकडे ठप्प होता आणि कित्येक पंपांवर पेट्रोल नव्हतं.

शेजारच्या राज्यात, जॉर्जियापर्यंत, पळायची बहुतेकांना गरज पण नसते. इथे म्हण आहे की पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. झोन सोडून दहा-वीस मैल आत, कुणाच्या तरी पक्क्या घरात गेलात तरी पुष्कळदा पुरतं. आम्ही मिल्टनला तेच केलं. नवरात्र चालू होतं, घट बसलेले, नंदादीप तेवत ठेवायचा की नाही यावर घरात अर्धा तास गेला (तो १४ तासांत धरलेला नव्हता). शेवटी बायकोने देवीला सांगून दिवा शांत केला, कारण बंद घरात जळता दिवा ठेवून जाणं हा दुसरा धोका.

आता पाण्याचं. पीक सर्जच्या, म्हणजे वादळ किनाऱ्यावर ढकलतं त्या समुद्राच्या पाण्याच्या, नकाशावर "५ ते ८ फूट" असं लिहिलेलं असतं, ते जमिनीच्या वर, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवर, त्या पट्ट्यात कुठेतरी, आणि भरतीच्या वेळी आलं तर. त्यातून घराची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करून "मग आपल्याला काही नाही" असा हिशोब करू नका, दोन आकडे दोन वेगळ्या ठिकाणांपासून मोजलेले आहेत. गल्लीपुरतं बघायला वेगळा इनन्डेशन (पाणी कुठे किती भरेल त्याचा) नकाशा येतो, तो पत्त्यापर्यंत झूम होतो.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर केंद्र तुमच्या उत्तरेला लागलं तर वारा समुद्राकडून आत, पाणी घरात. दक्षिणेला लागलं तर वारा जमिनीकडून, पाणी खाडीतून बाहेर ओढलं जातं. इयनला आणि मिल्टनला टँपा बेचं पाणी असंच मागे गेलं, इयनला तर लोक खाडीच्या उघड्या तळावर फिरायला उतरले. उतरू नका. ते पाणी परत येतं.

*सावधान: नकाशावर लांब आहात म्हणून फोनचे अलर्ट बंद करू नका. मिल्टन पश्चिमेला लागायच्या काही तास आधी पूर्वेकडच्या सेंट लुसी काउंटीत टॉर्नेडोने सहा जण गेले.*

९. शेवटचे बारा तास आणि नंतर

आता कोन बंद, मॉडेल बंद. रडार, काउंटीचे अलर्ट आणि तुमचं स्थानिक वेदर सर्व्हिसचं ऑफिस, टँपासाठी रस्किनचं, ह्यूस्टनसाठी लीग सिटीचं. बॅटरीचा रेडिओ असू द्या, टॉवर पडले की फोन म्हणजे टॉर्च. वारा अचानक थांबला आणि आकाश उघडलं तर बहुधा डोळा वरून चाललाय, अंगणात पडलेली फांदी उचलायला जाऊ नका, उलट्या बाजूचा वारा यायचाय.

"डाउनग्रेड झालं" ऐकून टीव्ही बंद करणं ही शेवटची मोठी चूक. हार्वे २०१७ मध्ये टेक्सासला कॅटेगरी ४ म्हणून लागलं, मग कमी होऊन ट्रॉपिकल स्टॉर्म झालं आणि तिथेच रेंगाळलं, नेदरलँड गावात ६० इंचांच्या वर पाऊस मोजला गेला. हेलीनने पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात ॲशव्हिलकडे काय केलं ते समुद्रापासून शेकडो मैलांवर केलं. म्हणून जिथे जाऊन राहणार त्या गावचा पावसाचा अंदाज पण निघायच्या आधी बघा, पळून नेमके वादळाच्याच वाटेवर जाऊन बसलात असं नको. परत आल्यावर जनरेटर घराबाहेर, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

घरी आलात, पंखा चालू झाला, की त्याच संध्याकाळी ८ चा आउटलुक उघडा. हेलीनला तेरा दिवस होतात न होतात तोच मिल्टन आलं, आणि आमच्या रस्त्यावर लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या अजून फूटपाथवर उचलायची वाट बघत पडलेले होते.